पारचा एकटा निळा गेलाय? बोर्ड बदलायची घाई नको

नमस्कार मंडळी. हा बघा, ५४ एलईडीचा पार, म्हणजे स्टेजवर-मिरवणुकीत रंगीत प्रकाश टाकणारा दिवा. राजारामपुरीच्या मिरवणुकीत रात्रभर भिजलाय. मालक म्हणतोय, "भावा, बोर्ड गेलाय, नवीन टाक." लाल लागतोय, हिरवा लागतोय, निळा ठार बंद.

आता बघा, लाल-हिरवा कंट्रोलरचं ऐकतोय. म्हणजे सप्लाय आलाय, डीएमएक्स, म्हणजे कंट्रोलरचा सिग्नल आलाय, बोर्डाचं डोकं जागेवर आहे. मग भानगड बोर्डावरच्या निळ्याच्या ड्रायव्हरमध्ये (निळ्याला करंट देणारा भाग) तरी आहे, नाहीतर निळ्याच्या माळेत.

उघडायच्या आधी एक. प्लग काढला म्हणजे करंट गेला असं नाही. २३० व्होल्टचे रेक्टिफायरनंतर ३२५ च्या आसपास डीसी होतात आणि एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या कॅपॅसिटरवर बसून राहतात. मी एकदा घाईत बोट लावलंय. स्क्रूड्रायव्हर भिंतीवर, मी खुर्चीखाली. प्लग काढा, चहा मारून या, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.

आता निळ्याचा कनेक्टर काढून हिरव्याच्या जागी लावतो. दोन्ही रंगांच्या एलईडींची संख्या सारखीच आहे आणि दोघांना व्होल्टेजही जवळपास सारखंच लागतं, म्हणून हे जमतं. लालशी अदलाबदल करू नका. झाकण ठेवून प्लग लावला... निळा तरीही बंद! म्हणजे बोर्ड सुटला, एलईडीची माळ अडकली. जुन्या दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी ओळ बंद पडायची ना, तेच.

प्लग काढून परत थांबलो. आता मेलेला शोधायचा. इथं बरेच जण फसतात. मीटर डायोडवर ठेवलं की लाल एलईडी मिणमिणतो, त्याला २ व्होल्टच्या आसपास पुरतात. निळ्याला ३ च्या आसपास लागतात, स्वस्तातल्या मीटरमधून तेवढे निघतच नाहीत. मग चांगलेच एलईडी उपटत बसतात! आपण ९ व्होल्टची बॅटरी घेऊ, मध्ये १००० ओहमचा रेझिस्टर. प्लस-मायनस बघून एकेकाला टेकवतो. लागला... लागला... हा नाही. लेन्स काढली, बघा, पायाचं सोल्डर तडकलंय.

खालची प्लेट अॅल्युमिनियमची, उष्णता ओढून घेते, त्यामुळं बारीक सोल्डरिंग आयर्ननं हे सोल्डर वितळत नाही. दणकट आयर्न घ्या. एलईडी बदलायचा असेल तर खालची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता प्लेटकडे नेणारी) पुसून नवी पातळ लावा, नाहीतर आठवड्यात परत येईल.

एकटा पार न जाता अख्खी रांग एकदम गेली, तर पार उघडायच्या आधी जनरेटरचा न्यूट्रल तपासा. थ्री-फेजवर न्यूट्रल सुटला की काही पारवर २३० च्या बरंच वर व्होल्टेज चढतं. आणि नुसतं लुकलुकत असेल तर माईकची केबल काढून डीएमएक्सची लावा, शेवटच्या पारच्या डीएमएक्स सॉकेटला पिन २ आणि ३ मध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर (लाईनच्या टोकाचा रेझिस्टर) द्या.

लागला बघा निळा! पण हे रबर पॅकिंग बघा, इथं कापलंय. पाणी इथूनच शिरलंय. हे बदलल्याशिवाय मी पार मालकाच्या हातात देत नाही.