पानं नाहीत म्हणजे झाड मेलं असं नाही

आवाज येतोय ना मागे? बरं. विषय फळ्यावर लिहिलाय, झाड मेलंय की जिवंत ते कसं ओळखायचं. त्याच्यावर येतोच, पण आधी आमच्या सोसायटीतला चाफा सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

पांढरा देवचाफा, पार्किंगच्या कडेला. थंडीत पानं झडली, राहिल्या नुसत्या जाड्या राखाडी फांद्या. कमिटी नवीन, आणि नवीन कमिटीला काहीतरी करून दाखवायचं असतं. एकाने ग्रुपवर फोटो टाकला, 'डेड ट्री, गाड्यांना धोका', खाली धडाधड अंगठे. मी लिहिलं, अहो चाफा आहे, दरवर्षी असाच होतो, उन्हाळ्यात फुलेल. तर उत्तर काय, 'काका, इमोशनल होऊ नका'! सोमवारी माणसं आली, कुऱ्हाड पडली आणि फांदीतून पांढराशुभ्र चीक टपटप खालच्या गाडीच्या बॉनेटवर. मेलेल्या झाडाला चीक येतो का हो? गाडी कोणाची ते सांगत नाही, समोरच बसलेत. (हशा) वर त्याच फांद्या माळीबुवा घरी घेऊन गेले, चीक सुकू दिला, लावल्या, आणि जगल्या की!

आणि परवानगी? महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे, शहरात झाड तोडायचं तर अर्ज करावा लागतो, वाळलेल्या झाडासाठीसुद्धा. ग्रुपवरचे अंगठे म्हणजे वृक्ष प्राधिकरण नाही.

आपल्याला सगळं बाराही महिने हिरवं हवं असतं, तिथे गडबड होते. पांगारा, काटेसावर, पळस तर पानं टाकून मगच फुलतात. सीताफळ उन्हाळ्यात खराटा होतं. सांगोल्याकडे जा, डाळिंबवाले बहार धरायला, म्हणजे सगळी बाग एकदम फुलावी म्हणून, मुद्दाम पाणी तोडतात, ताण देतात, पानगळ करून घेतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल बाग गेली, आणि शेतकरी आत निवांत छाटणी करतोय.

काय? पाचच मिनिटं? अहो, मुख्य विषय आत्ता आलाय. असो, पटापट घ्या.

बारीक काडी वाकवा, लवली तर जीव आहे, कटकन मोडली तर पुढे बघा. नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवट ओलसर दिसलं की जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर ती फांदी गेली, झाड गेलं असं नाही, म्हणून खाली खाली येत बुंध्यापर्यंत बघा. पण खोडाभोवती गोल साल काढू नका, त्यानेच मरेल. वाळकी पानं फांदीला तशीच चिकटून असतील तर मात्र काळजीचं, कारण जिवंत फांदी पानं स्वतः टाकते. साल सुटतेय, बुंध्याला भुसा पडतोय, कुत्र्याच्या छत्र्या आल्यात, तर जाणकाराला बोलवा. कलमी आंब्याला फूट आली म्हणून पेढे वाटू नका, कलमाच्या जोडाच्या खाली आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची, तुमचा हापूस गेलेला असू शकतो. आणि शंका असेल तर एक पावसाळा थांबा, फांदी डोक्यावर पडेल अशी असेल तर तेवढीच काढा.

हो हो, थांबतो. फक्त नारळ राहिला, त्याला हे खरवडणं चालतच नाही, तिथे वर बघायचं, शेंड्याचा कोंब पार कुजला असेल तर खाली खोड कितीही ठणठणीत असो, उपयोग नाही. बाकी चहाला विचारा.