कानाची उसनवारी

रसिकहो, संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘प्रायोगिक संगीतावरचं लेखन आणि पुस्तकांची अदलाबदल’. फोनवर जरा वेळ काहीच नाही. मग प्रश्न आला, ‘म्हणजे दोन व्याख्यानं का?’ नाही हो, एकच.

इथे गोव्यात, फोंड्यात आमचा सात-आठ जणांचा गट आहे. नाव नाही, अध्यक्ष नाही, म्हणून भांडणंही नाहीत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी सोप्यावर जमायचं, एक पुस्तक ठेवायचं, एक उचलायचं. परत आणायची सक्ती नाही. फक्त समासात कुणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल, तर ते खोडायचं नाही. एका पावसाळ्यात मी एक जाडजूड चरित्रग्रंथ ठेवला आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचं ‘सायलेन्स’ घरी आणलं. 1961 सालचं पुस्तक. चाळलं आणि वाटलं, फसलो. कुठे ओळींच्या मधोमध मोकळ्या जागा, कुठे अळमींच्या, म्हणजे अळंब्यांच्या, गोष्टी. (अळमींचं वेड आपल्यालाही आहे म्हणा, श्रावणात त्यांचा भाव ऐकूनसुद्धा आपण घेतोच.) पण एका मोकळ्या जागेत आधीच्या वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘इथे थांब. बाहेर ऐक.’ थांबलो. कौलांवर पाऊस, पन्हळीतून बादलीत पडणारी धार, आणि लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा.

केजची सगळ्यात गाजलेली रचना याच थांबण्याची आहे. 29 ऑगस्ट 1952 रोजी न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ, रानातल्या एका सभागृहात डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक पियानोपाशी बसला, झाकण लावलं, आणि 4 मिनिटं 33 सेकंद एकही सूर वाजवला नाही. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पाऊस, तिसऱ्यात कुरकुरत उठून जाणारी माणसं. हे केजनेच पुढे सांगितलंय. कुणी याला थट्टा म्हणतं. मला ती थट्टा वाटत नाही, पण वाटणाऱ्याशी मी वादही घालत नाही.

आता अदलाबदलीकडे येतो. 1946 साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर होणारा परिणाम त्यांना काळजीत टाकत होता, म्हणून ते शिकूनच घ्यायचं असं त्यांनी ठरवलं. केजला फी विचारली. तो म्हणाला, पैसे नकोत, तुम्ही मला भारतीय संगीत शिकवा. काही महिने जवळजवळ रोज भेटी झाल्या. निघताना बाईंनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संभाषणांचं पुस्तक दिलं. ते वाचायला त्याला वर्ष लागलं. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला बाईंनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं होतं: मन शांत, स्थिर व्हावं, म्हणजे ते दैवी प्रभाव ग्रहण करू शकतं. केज ते आयुष्यभर सांगत राहिला. हा व्यवहार फीवर आटोपला असता, तर काय झालं असतं कोण जाणे.

मग मी लिहायला लागलो. पहिल्या लेखात ‘गूढ’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘अद्भुत’ अशी विशेषणांची खिरापत वाटली. गटातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी वाचून विचारलं, ‘सगळं बरं आहे रे, पण वाजलं काय?’ त्या प्रश्नाने मला दोन महिने लिहू दिलं नाही.

पुढचा लेख अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशच्या 1965 सालच्या ‘इट्स गॉना रेन’वर होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात नोहाच्या प्रलयाची गोष्ट सांगणाऱ्या धर्मप्रचारकाचा आवाज, त्यातला एकच तुकडा, दोन टेपरेकॉर्डरवर. सुरुवात बरोबर होते, मग एक यंत्र केसभर पुढे सरकतं. हे मराठीत कसं सांगावं? उत्तर चवथीत मिळालं. आमच्या वाड्यावर समोरासमोरच्या दोन घरांत एकाच वेळी घुमट-शामेळ या तालवाद्यांवर आरती चालते. आरती तीच, पण समोरचे जरा पुढे. आधी घुमटाचा ठोका जाड होतो, मग प्रतिध्वनी वाटतो, मग दोन्ही आरत्या मिळून तिसरीच काहीतरी आरती ऐकू येते, जी कुणीच म्हणत नसतं. एवढंच लिहिलं. काका म्हणाले, ‘आता ऐकलं.’

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपले गोव्याचे तालवादक खाप्रुमामा पर्वतकर हाता-पायांनी आणि तोंडाने एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, असं जाणकार सांगतात. तिकडे मेक्सिकोत कॉनलन नॅनकॅरो हा संगीतकार, माणसाला वाजवायला अवघड अशा लयी, कागदी गुंडाळ्यांना भोकं पाडून यांत्रिक पियानोकडून वाजवून घेत होता. मामांना ती यंत्रं कुणी दाखवली असती, तर त्यांनी काय म्हटलं असतं, हा माझा आवडता रिकामटेकडा विचार आहे.

केजचं पुस्तक मी पुन्हा सोप्यावर ठेवलं. चार-पाच हातांतून फिरून मागच्या महिन्यात ते समोर आलं, म्हणून ते पान उघडून पाहिलं. ‘इथे थांब. बाहेर ऐक’ याच्या खाली वेगळ्या अक्षरात होतं: ‘थांबले. शेजारी मिक्सर, बहुतेक नारळाची चटणी.’