लाल पाकीट आणि न मिटणारा हिशोब

आयोजकांनी विषय छापलाय ‘चिनी लग्नातलं वधूमूल्य’, म्हणजे मुलाकडून मुलीकडच्यांना जाणारं देणं. त्यावर येतोच, पण आधी पाकिटाचं बोलू द्या.

चीनच्या खेड्यात लग्नाला गेलात तर दाराशी एक टेबल दिसतं. मागे घरचीच दोन माणसं. एक पाकीट उघडून नोटा मोजतो, दुसरा लाल वहीत नाव आणि रक्कम लिहितो. तुमच्या डोळ्यांदेखत! आपल्याकडेही आहेराची वही असतेच, पण ती रात्री, दार लावून. आत्या सांगणार, मावशी लिहिणार. (हसू नका, तुमच्याही घरी आहे.)

ती लाल वही वर्षानुवर्षं जपतात. पाहुण्याच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, त्याने दिलेलं बघायचं आणि त्याहून थोडं जास्त द्यायचं. नेमकं तेवढंच दिलं, तर हिशोब मिटला. आणि हिशोब मिटला की येणं-जाणंही मिटायला लागतं. ते ‘थोडं जास्त’ हाच माझ्या मते खरा आहेर.

म्हणून मला ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीचा राग आहे. एका पत्रिकेवर वाचून मी आज्ञाधारकपणे रिकाम्या हाताने गेलो. रांगेत बघतो तर पुढे पाकिटं, मागे पाकिटं! शेवटी सौभाग्यवतींनी पर्समधलं किराणा यादीचं पाकीट रिकामं केलं. यादीही आतच राहिली असावी, कारण नंतर ती सापडली नाही. त्यापेक्षा दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताची पद्धत बघा: तिथे बऱ्याच ठिकाणी यजमान पाकिटाचा कोपरा दुमडून किंवा फाडून पैसे परत देतात. देणं झालं, मान राहिला, जेवणही झालं.

आकडे मात्र जपा. लग्नात रक्कम सम हवी, 600, 800, 888, पण सम असला तरी चारचा आकडा नको. आपण वर रुपया ठेवतो तो पुढे चालू राहावं म्हणून. हाँगकाँगमध्ये 101 किंवा 501 जातात अंत्यविधीच्या पाकिटात.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. तर वधूमूल्य. जुन्या विधींत वराकडून रानहंस जायचा. 1950च्या विवाह कायद्याने लग्नाच्या निमित्ताने पैसे उकळायला बंदी घातली, तरी प्रथा टिकली. सत्तरच्या दशकात सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ आणि रेडिओ. ऐंशीच्या दशकात टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन. आता रोकड, सोनं, शिवाय फ्लॅट. काही घरं ती रक्कम मुलीबरोबरच परत पाठवतात, काही भावाच्या लग्नाला लावतात, आणि तिथे भांडण पेटतं. वधूमूल्याचा हिशोब मात्र मोडलेल्या लग्नात मिटवावाच लागतो. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाचे त्यासाठीचे नियम 1 फेब्रुवारी 2024 पासून लागू आहेत: लग्नाची नोंद होऊन संसार झाला असेल तर रक्कम सहसा परत नाही, पण संसार अल्पकाळच टिकला आणि रक्कम अवाजवी असेल, तर किती परत करायची हे न्यायाधीश ठरवतात. त्यासाठी ते विचारतात, मूल झालं का, आंदण किती आलं होतं, पैसे कशावर खर्च झाले.