या नावाचं इथे कोणी राहत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सोसायटीत गेल्या पंधरा वर्षांत पाच वॉचमन झाले, आणि पाचही जणांचं नाव बहादूर. पहिला नेपाळचा होता, दुसरा दार्जिलिंगकडचा, तिसरा तर चक्क आसामचा. चौथा कुठला, ते आम्ही कधी विचारलंच नाही. पाचवा सध्याचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं एटीएम कार्ड पोस्टाने आलं. पाकिटावर त्याचं खरं नाव, खाली पत्ता आमच्या सोसायटीचा. तो नेमका कुणाची तरी गाडी मागे घ्यायला मदत करत होता, म्हणून पोस्टमन थेट ऑफिसात शिरला. तिथे बसलेल्या गृहस्थांनी मालकांची यादी पाहिली, भाडेकरूंची पाहिली आणि चष्मा सावरत सांगितलं, "या नावाचं इथे कोणी राहत नाही." पाकीट परत गेलं. ज्याचं ते होतं, तो दहा पावलांवर "और पीछे, और पीछे" करत उभा होता.

ते गृहस्थ मीच.

पुढे त्याला बँकेत दोन खेपा घालाव्या लागल्या, एका दिवसाचा पगार गेला. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं : "आपण तर त्याला प्रेमानेच हाक मारतो हो." आणि ते खोटं नव्हतं. दिवाळीला फराळ देतो, बोनस देतो. शिवाय बहादूर म्हणजे शूर. यात अपमान कुठे आला?

हाच प्रश्न घेऊन आज आपल्याशी बोलायला बसलोय.

आपल्याकडे परप्रांतीयांसाठी जी नावं रुळली आहेत, त्यातली कितीतरी मुळात नात्यांची आहेत. उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसलेला तो अण्णा. पाणीपुरीच्या गाडीवरचा तो भय्या. दोन्हींचा अर्थ एकच, थोरला भाऊ. दोन्ही शब्द मराठी घरांतही पूर्वीपासून आहेत. आमच्या कोथरूडच्या कर्व्यांना सगळा महाराष्ट्र अण्णासाहेब म्हणायचा, आणि बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव ते भय्यासाहेब आंबेडकर. मग रस्त्यावर येताना एका भावाला मान मिळाला आणि दुसऱ्याची शिवी का झाली? "अण्णा, जरा सांबार वाढवा" असं आपण म्हणतो. "अहो भय्या, जरा गोड चटणी घाला" असं कुणाच्या तोंडून ऐकलंय? तिथे "ए भय्या"च असतं.

बरं, अण्णाही काही पहिल्यापासून मानाचा नव्हता. 1966 मध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली, तेव्हाची "हटाव लुंगी, बजाव पुंगी" ही घोषणा माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. त्या काळी दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस मद्रासी, आणि त्याची भाषा म्हणजे यंडुगुंडू. उडपीच्या माणसाची घरची भाषा बहुतेकदा तुळू असते, मद्रासची तमिळ नव्हे. पण चौकशी कोण करतो? पुढे अण्णांची हॉटेलं वाढली, आपण त्यांच्याकडे मुलांचे वाढदिवस साजरे करू लागलो आणि शब्द निवळला. मनसेच्या 2008 च्या आंदोलनापर्यंत राग भय्याकडे वळलेला होता. मला तर वाटतं, गल्ल्याच्या कुठल्या बाजूला माणूस उभा आहे यावर शब्दाची चव ठरते. व्याकरणाचा त्यात फारसा हात नाही.

आता आपल्याच अंगावर येऊ. पुणेकराला दुसऱ्याने दिलेलं नाव म्हणजे घाटी.

ऐंशीच्या दशकात माझी पहिली नोकरी मुंबईत, फोर्टात. ऑफिसात मला पहिल्याच आठवड्यात हे नाव मिळालं. "अरे घाटी, चाय पिएगा?" चहा पाजणारा मनाने चांगला होता. मी हसायचो, चहा प्यायचो. दीड वर्ष हसलो. मग एकदा साहेबांसमोर मी एका हिशेबातली चूक दाखवली. तोच माणूस तेच दोन शब्द म्हणाला, "अरे घाटी," आणि पुढे चहा नव्हता. त्या दिवशी कळलं की आधीच्या दीड वर्षातही तो शब्द तोच होता, फक्त म्यानात होता.

पण गंमत पुढेच आहे. माझी सासुरवाडी सावंतवाडीकडची. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसलो, बांगड्याचे काटे काढताना माझी उडालेली त्रेधा सासूबाईंनी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घाट्याक मासो खावक येणा नाय!" पंगत हसली. मीही हसलो, आणि म्हणालो, "आणि कोकणातल्यांना ज्वारीची भाकरी थापता येत नाही, तिचा नकाशा होतो." सासूबाईंनी यावर पुढे वीस वर्षं मला टोमणे मारले, आणि मी त्यांना. कोकणात घाटी म्हणजे घाटावरचा माणूस, सह्याद्रीच्या पलीकडला, इतकंच. मुंबईत आणि गोव्यात त्याच शब्दाला हमालीचा आणि गावंढळपणाचा वास लागला. शब्द तोच, ऐकणारा मीच. फरक एवढाच की मी सासूबाईंना उलट उत्तर देऊ शकत होतो.

आपणही कुणासाठी तरी भीतीचं नाव होतो, हे आपल्याला शाळेत शिकवत नाहीत. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, आणि सरकारातून घोडा मिळालेला तो बारगीर. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात, तेव्हा तिथल्या लोकांच्या तोंडी या बारगीराचं बोर्गी झालं. बंगाली आया अजूनही बाळाला निजवताना त्यांची अंगाई म्हणतात : बाळ झोपलं, आळी निवांत झाली, बोर्गी देशात आले, धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशाने भरायचा? आपण ज्याला पराक्रम म्हणून छाती फुगवतो, तो तिकडे बागुलबुवा झालेला आहे. पावणेतीनशे वर्षं उलटली तरी.

क्रिकेटवाल्या श्रोत्यांना 2020 चा जून आठवत असेल. वेस्ट इंडिजला दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना सहकारी त्याला 'काळू' म्हणत. त्याला वाटायचं, काळू म्हणजे दणकट घोडा असणार. तोही खुशीत स्वतःला तसंच म्हणवून घ्यायचा. खरा अर्थ कळला तेव्हा तो उखडला. मग एका जुन्या सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, आणि ते प्रेमापोटीच होतं असं त्याने सांगितल्याचं सॅमीनेच जाहीर केलं. माझा यावर विश्वास आहे. आपल्याकडे आई पोटच्या पोराला काळ्या म्हणते, आणि सावळ्या विठोबाचं काळेपण आपण आळवून आळवून गातो. पण आईच्या काळ्याला 'काळ्या'चा अर्थ ठाऊक असतो. सॅमीला ठाऊक नव्हता. ज्या हाकेचा अर्थ समोरच्यापासून लपलेला आहे, तिच्यातलं प्रेम तो कसं ओळखणार?

सॅमीवरून आठवलं. हा निव्वळ योगायोग आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गांधीजी 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचले तेव्हा तिथले गोरे हिंदी मजुरांना कुली म्हणत, आणि 'सामी'ही म्हणत. कारण अनेक तमिळ नावांच्या शेवटी स्वामी येतं. खुद्द गांधीजी झाले 'कुली बॅरिस्टर'. त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय की एखादा हजरजबाबी हिंदी माणूस गोऱ्याला उलट सुनवायचा : मला सामी म्हणता खरं, पण सामी म्हणजे मालक, आणि मी काही तुमचा मालक नाही. त्यावर काही गोरे ओशाळत, काही शिव्या देत, आणि संधी मिळाली तर हातही टाकत. कोटी काय फर्मास आहे! पण ती करण्यासाठी मार खायची तयारी लागत होती.

आणि आपला चेतेश्वर पुजारा? इंग्लंडमध्ये यॉर्कशायरकडून खेळताना त्याला 'स्टीव' म्हणायचे, कारण चेतेश्वर जिभेवर येत नाही. 2021 मध्ये यॉर्कशायरचाच माजी खेळाडू अझीम रफिक याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे यॉर्कशायरमधल्या वंशद्वेषाची साक्ष दिली, त्या सुमारास हे जगभर गाजलं. स्टीव ही काही शिवी नाही. बहादूर तरी कुठे आहे?

ईशान्येकडच्या मुलांना जो शब्द वापरतात तो मी या माइकवर उच्चारणार नाही. आपल्याला तो माहीत आहे, तिथे प्रेमाचा बहाणाही कुणी करत नाही. 2012 च्या ऑगस्टमध्ये, ईशान्येकडच्यांवर हल्ले होणार अशा अफवांच्या त्या दिवसांत, आपल्या पुणे स्टेशनवरून ही मुलं बॅगा घेऊन गुवाहाटीकडे निघाली होती. 2014 च्या जानेवारीत अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. सुरुवात त्याच्या केसांची टिंगल करण्यापासून झाली होती.

माझा एक मित्र म्हणतो, मग काय तोंडाला कुलूप लावायचं? नाही बुवा. ज्याला टोपणनाव नाही, त्याच्यावर घरात कुणाचा जीव नाही, असं मानणाऱ्या पिढीतला मी. कॅम्पातल्या माझ्या पारशी दोस्ताला मी बावाजी म्हणतो. तो मला जे म्हणतो ते सांगितलं तर हे भाषण अर्ध्यात तोडतील.

आता आमच्या वॉचमनचं. त्याचं नाव इथे सांगत नाही, कारण सांगू का असं त्याला विचारलेलं नाही. कार्डाच्या प्रकरणानंतर मी त्याला खऱ्या नावाने हाक मारू लागलो. पहिले दोन-तीन दिवस त्याने वळूनच पाहिलं नाही. सवय बहादूरची. आता 'ओ' देतो.

परवा वीज गेली होती म्हणून खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसलो. शेजारच्या सोसायटीचा वॉचमनही आला होता. गप्पांच्या ओघात विचारलं, आम्ही तुम्हाला नावं ठेवतो, तशी तुम्हीही आम्हाला ठेवत असाल की? तो म्हणाला, "नहीं साहब, ऐसा कुछ नहीं." पण शेजारचा वॉचमन तोंडाला रुमाल लावून हसत सुटला. माझं काय ठेवलंय, म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात एक गाडी आली, आणि तो गेट उघडायला धावला.

अजून सांगितलेलं नाही त्याने. नमस्कार.