ठोका कुठून येतो?

नमस्कार श्रोतेहो.

मिरजेत वाढलेल्या माणसाला गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या जंक्शनवर एकेकाळी तिन्ही गेज नांदत होते. कोल्हापूर आणि पुण्याकडची ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी ती अडीच फुटी नॅरोगेज, बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती १८९७ साली बार्शीला सुरू केली आणि १९२७ साली ती मिरजेला येऊन पोचली. आषाढीला त्या छोट्या डब्यांच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले मी लहानपणी पाहिलेत.

ते स्टेशन मला टेबलावर पुन्हा उभं करायचंय. मॉडेल रेल्वेचा नाद तो हाच. लोक त्याला खेळणं म्हणतात. म्हणोत. पण खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यानं, म्हणजे एचओ स्केलनं, एखादं इंजिन बनवायला बसा; माप, धीर आणि नजर या तिन्हींची परीक्षा होते. या स्केलचं गेज साडेसोळा मिलिमीटरचं असतं. आणि गंमत बघा, आपल्या नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर सत्त्याऐंशीनं भागले तर पावणेनऊच्या आसपास येतात. एन नावाच्या लहान स्केलचं गेज आहे नऊ मिलिमीटरचं. म्हणजे आपली बार्शी लाइट तयार मिळणाऱ्या रुळावर धावू शकते! हा हिशेब मला पहिल्यांदा जुळला त्या रात्री मला झोप आली नाही.

पण सामान कुठून आणायचं? सांगलीत मिळत नाही, पुण्या-मुंबईतही सगळं मिळत नाही. मग उरतो ऑनलाइन लिलाव. परदेशातल्या कुणाच्या तरी माळ्यावरची पेटी निघते, फोटो लागतात, बोली लागते. आणि आज मला बोलायचंय ते याच लिलावात घेतलेला भाग घरी आल्यावर बिघडलेला निघाला तर काय करायचं, याबद्दल.

सांगलीच्या माणसाला लिलाव नवा नाही. हळदीच्या सौद्याला व्यापारी येतो, पोत्यातून हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि मग बोलतो. तासगावला बेदाणा हातात घेऊन बघतात. ऑनलाइन लिलावात हळकुंड मोडता येत नाही. फोटोवर बोलायचं, आणि मोडून बघायचं ते पैसे दिल्यावर. सगळी अडचण इथून सुरू होते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, आणि आज दोन-तीनदा सांगणार आहे: आधी माप, मग तक्रार. वस्तू आली, बिघडलेली वाटली, की लगेच विकणाऱ्यावर धावून जायचं नाही. नेमकं काय बिघडलंय ते आधी शोधायचं.

हे मी शिकलो ते चाचांकडून. तीच हकिकत आज सांगतो.

मला डब्ल्यूडीएम-२ बनवायचं होतं. आपलं ते जुनं, भरदार आवाजाचं डिझेल इंजिन. मूळ रचना अमेरिकेच्या आल्को कंपनीची, पुढं वाराणसीच्या कारखान्यात हजारोंनी बनलं. कोयना एक्स्प्रेस म्हटली की माझ्या डोळ्यांपुढं अजून तेच येतं. त्याला दोन बोग्या, म्हणजे डबे नव्हेत, इंजिनाखालचे चाकांचे गाडे; प्रत्येक बोगीला तीन ॲक्सल, म्हणजे चाकांचे दांडे. बॉडी मी पुठ्ठ्याची आणि प्लॅस्टिक शीटची स्वतः करणार होतो, पण चालती चासी, म्हणजे चाकं-मोटरसकट खालचा सांगाडा, हवा होता. लिलावात एक अमेरिकन इंजिनाची चासी दिसली. सहा ॲक्सल, मधे मोटर, दोन्ही बोग्यांना गिअर. खाली लिहिलं होतं, उत्तम चालते. शेवटच्या दोन मिनिटांत बोली वाढवून मी ती घेतली. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरून ती जवळजवळ दुपटीला पडली.

पार्सल आलं. रुळावर ठेवली, करंट दिला, चासी निघाली. आणि आवाज आला. टक्. मग थोडं शांत. टक्. परत टक्. प्रत्येक ठोक्याला चासी किंचित अडखळायची.

माझी खात्रीच पटली की मोटर खराब आहे. त्या रात्री मी विकणाऱ्या गृहस्थाला एकामागून एक तीन निरोप पाठवले. चढत्या भाषेत. तुम्ही फसवलंत, मोटर जळकी दिलीत, पैसे परत करा. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. वाईट वाटलं, मी बॉक्समध्ये ठेवताना ती व्यवस्थित चालत होती. आवाज कधी येतो आणि किती वेळानं येतो, एवढं सांगाल का?

श्रोतेहो, मला ते सांगता आलं नाही. तीन निरोप लिहिताना मी तो आवाज नीट ऐकलाच नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींचा तंबोरा जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद सुधारून घ्यायला, द्यायचा होता. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं आमचे एक चाचा आहेत, ऐंशीच्या घरातले. तंबोरा त्यांच्यापुढं ठेवला. चासी पिशवीत होती, कारण तिथून पुढं मला मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जायचं होतं. चाचांनी पिशवीकडं बघितलं.

"मास्तर, ह्यात काय आणलंय?"

मी दाखवलं. मोटर गेलीय म्हणून सांगितलं.

"चालवून दावा बघू."

त्यांच्या पाटावर फडकं घातलं, चासी उलटी ठेवली, चाकं वर. खिशातल्या चार पेन्सिल सेलच्या डबीची वायर लावली. चाकं गरगर फिरली, टकटकटक आवाज सुरू झाला. चाचांनी डोळे मिटले. जवारी काढताना मिटतात तसे. घोडीवर कानस एकदा हलकी फिरवायची, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, परत कानस. तासन्‌तास. ज्या कानानं ते तंबोऱ्याच्या घोडीतला दोष काढतात, त्याच कानानं माझी चासी ऐकत होते.

"लई पळती. हळू करा."

मी दोन सेल काढून तिथं तारेचा तुकडा बसवला. चाकं संथ झाली. चाचांनी खडूनं एका चाकाच्या कडेला खूण केली आणि म्हणाले, मोजा.

मोजलं. एक चक्कर, एक ठोका. एक चक्कर, एक ठोका. खूण वर आली की टक्.

"मोटर चाकाच्या एका चकरेत किती फिरती?"

मी हिशेब केला. मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, एका फेऱ्यात एकच दात सरकवणारा; खाली तेरा दातांचा गिअर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे तेरा फेरे.

"मग मोटर दुखत असती तर तेरा डाव ओरडली असती. ही एकदाच ओरडती. मोटर न्हाई बोलत मास्तर, चाकाचा दात बोलतोय."

मग त्यांनी एकेका ॲक्सलला बोटाचं टोक लावलं, नाडी बघावी तसं. मागच्या बोगीचा तिसरा ॲक्सल. तिथं बोट थबकलं. खालचं झाकण काढलं, भिंगातून बघितलं, आणि ॲक्सलच्या पांढऱ्या प्लॅस्टिक गिअरवर दोन दातांच्या मधून केसाएवढी चीर. बस्. एवढंच. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं लोखंडी दांड्यावर ताणून बसलेलं असतं, एक दिवस ते तडकतं. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं, आणि प्रत्येक फेऱ्याला तो दात अडतो. टक्.

मोटर ठणठणीत होती. मी ती उगीच उघडायला निघालो होतो.

मी पैसे विचारले. चाचांनी हात हलवला. तंबोऱ्याच्या जवारीचे मात्र त्यांनी सांगितले तेवढे मी दिले, एक रुपया कमी केला नाही. इथं मला जरा बाजूला जाऊन बोलू द्या. दुरुस्ती करणाऱ्या माणसाशी घासाघीस करू नये, हे माझं ठाम मत आहे. नव्या मोबाइलचे हजारो रुपये आपण निमूट मोजतो, आणि घड्याळजीला, छत्रीवाल्याला, चांभाराला वीस रुपयांसाठी अडवतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना आनंद झाला. पण मानांकन वाद्याला मिळालं, तो कान ज्यांच्यापाशी आहे त्यांच्या मुलांनी त्या पाटावर बसावं असं वाटत असेल तर त्यांच्या वेळेची किंमत आपण द्यायला हवी. असो. गाडीवर येतो.

घरी येऊन मी त्या अमेरिकेतल्या गृहस्थांना चौथा निरोप लिहिला. आधी माफी मागितली. मग नीट लिहिलं: मागची बोगी, तिसरा ॲक्सल, गिअरला चीर, चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका. चिरेचा फोटो जोडला, शेजारी मोजपट्टी ठेवून. काही तासांत उत्तर आलं. ही जुन्या प्लॅस्टिकची खोड आहे, ठेवल्या ठेवल्या तडकतं, माझ्याकडे सुटे गिअर आहेत, सहा पाठवतो, पैसे नकोत. जो माणूस मला लबाड वाटत होता, तो हा.

पण हकिकत इथं संपत नाही. त्यांनी दात किती आणि बाहेरचा व्यास किती विचारलं होतं. मी वर्नियरनं मोजून कळवलं: दात तेरा, व्यास सहा मिलिमीटर. दातांत दोन मिळवायचे आणि त्यानं व्यासाला भागायचं, सहा भागिले पंधरा, म्हणजे मॉड्यूल, दातांच्या आकाराचं माप, ०.४. हे मी बरोबर काढलं. आणि दांड्याची जाडी कळवायला विसरलो. महिन्यानं गिअर आले ते २.४ मिलिमीटर भोकाचे. माझा दांडा दोनचा. गिअर नुसताच दांड्यावर गरगर फिरायचा. परत निरोप, परत महिना. म्हणून पुन्हा सांगतो: आधी माप, मग तक्रार. आणि माप म्हणजे तीन मापं. दात, बाहेरचा व्यास, दांड्याची जाडी. कागदावर लिहून ठेवा. दात, व्यास, दांडा.

दुसऱ्या खेपेला बरोबर गिअर आले. बसवण्याआधी दांड्याचं टोक सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकं घासलं, म्हणजे नव्या गिअरवर फार ताण येत नाही. चाकं दाबून बसवताना दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास राहील असं बघितलं, नाहीतर सांध्यावर गाडी घसरते.

आता वेळ थोडा आहे, बाकीच्या अडचणी भरभर सांगतो.

काही जर्मन गाड्या तीन रुळी पद्धतीच्या असतात. त्यांची दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. तसा डबा आपल्या दोन रुळांवर ठेवला की शॉर्ट सर्किट होतं आणि सगळी गाडी बंद पडते. डबा खराब नसतो, पद्धत वेगळी असते. रुळावर ठेवण्याआधी मल्टिमीटरची एक सुई एका चाकाला, दुसरी त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाला लावा. बीप वाजली तर ठेवू नका, चाकं बदलून घ्या.

जुनं इंजिन अजिबात हलत नसेल तर बऱ्याचदा आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, प्लॅस्टिकला चालणारं तेल एक थेंब द्या. एक थेंब. शिलाई मशीनसारखी धार नको.

आणि एक दुखणं मात्र असाध्य. जस्ताच्या जुन्या ओतीव चासीत शिशाची भेसळ राहिलेली असली तर धातू फुगतो, भेगाळतो, हातात चुरा होतो. त्याला इलाज नाही. म्हणून बोली लावण्याआधीच चासीचा खालून, जवळून फोटो मागा. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या वस्तूवर बोली लावू नका.

पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, एका दमात, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. बॉक्स आणि आतला फोम महिनाभर तरी टाकू नका. परत पाठवायची वेळ आली तर वस्तू त्यातच सुरक्षित जाते. आणि तक्रारीची मुदत किती दिवसांची आहे ते घेतानाच बघून कॅलेंडरवर लिहा. माझी मुदत चाचांकडं जाईपर्यंत निम्मी सरली होती.

चासी जुळली त्या संध्याकाळी मी चाचांना घरी बोलावलं. टेबलावर मिरज जंक्शनचा फलाट नुकता रंगवून झाला होता. चासी संथ गतीनं फिरायला लागली, मागची बोगी अगदी गप्प. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला, डोळे मिटले, गाडी दोनदा समोरून जाऊ दिली.

"मागचा बरा झाला. फुडं अजून एक बोलायला लागलाय, बारीक आवाजात."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. रात्री पुढची बोगी उघडली, भिंग लावलं. पहिल्या ॲक्सलच्या गिअरवर चीर होती, अजून दातापर्यंत न पोचलेली. सहाही गिअर एकाच वयाचे, एकाच प्लॅस्टिकचे. त्या गृहस्थांनी एक न पाठवता सहा का पाठवले ते तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी उरलेले पाचही बदलले.

नमस्कार.