बांबू: जेवणाआधीचा एक हलका पेला

[दृश्य: योकोहामा बंदराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं. आगबोटी, धक्का, समुद्राकडे तोंड केलेली हॉटेलची इमारत.]

योकोहामा. १८९० च्या आसपासचा काळ. जपानने हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं केलं त्याला तीसेक वर्षं झाली आहेत. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर ग्रँड हॉटेल दिमाखात उभं आहे. व्यापारी, आरमारी अधिकारी, जगप्रवासाला निघालेले धनिक, आगबोटीतून उतरलं की बहुतेकांचे पाय याच हॉटेलकडे वळतात. इथला कारभार सांभाळायला लुई एपिंगर नावाचे मूळचे जर्मन गृहस्थ आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बारच्या धंद्यात मुरलेला हा माणूस. त्यांच्या नावावर जमा असलेलं एक कॉकटेल आज आपण बनवणार आहोत. त्याचं नाव बांबू.

ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, कोरडी शेरी आणि तसंच ड्राय व्हरमूथ समसमान (दोन्ही स्पिरिट घालून बळ वाढवलेल्या वाइन), बिटर्सचे, म्हणजे वनस्पतींच्या कडू अर्काचे, दोन-तीन शिंतोडे, भरपूर बर्फ आणि लिंबाच्या सालीचा एक तुकडा. झालं. जिन, व्हिस्की, रम यांतलं काहीच त्यात नाही.

या पेयाच्या जन्माबद्दल थोडं सांगायला हवं. १९०८ साली सान फ्रान्सिस्कोचे बारटेंडर विल्यम बूथबी यांनी छापलेल्या कृतींच्या संग्रहात बांबूचं श्रेय योकोहामाच्या एपिंगर यांना दिलेलं आहे. पण १८८६ च्या एका अमेरिकी वर्तमानपत्रातही बांबू नावाचं पेय भेटतं. तिथे प्रमाण आहे तीन भाग शेरीला एक भाग व्हरमूथ. म्हणजे एपिंगर जपानला पोचण्यापूर्वीच हे नाव अमेरिकेत कानावर पडत होतं. पहिला पेला कोणी ढवळला, यावर वाद घालत बसण्यात मला फारसा रस नाही. समसमान प्रमाणाची कृती एपिंगर यांच्या नावाने पसरली आणि ती टिकली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते हॉटेल मात्र टिकलं नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात ते जमीनदोस्त झालं.

[दृश्य: फिनो शेरीची बाटली. लेबल जवळून. फिकट, गवती सोनेरी रंग.]

जेवणाआधी भूक चाळवण्यासाठी जे घेतात ते अ‍ॅपरिटिफ. त्याचं काम जिभेला जागं करणं. म्हणून ते कोरडं हवं, किंचित कडू हवं, थंड हवं, आणि डोक्यात जाणारं नको. बांबू या चारही कसोट्यांना उतरतो.

आता हिशेब मांडू. ४५ मिली फिनो, म्हणजे फिकट, कोरडी शेरी, तिच्यात अल्कोहोल १५ टक्के. ४५ मिली ड्राय व्हरमूथ, त्यात १८ टक्के. मिळून शुद्ध अल्कोहोल साधारण १५ मिली. ढवळताना वितळलेल्या बर्फाचं वीस-पंचवीस मिली पाणी त्यात मिसळतं आणि पेल्यातलं पेय जेमतेम १३ टक्क्यांवर येतं, म्हणजे साध्या वाइनइतकं. ६० मिली जिन आणि १५ मिली व्हरमूथच्या मार्टिनीत शुद्ध अल्कोहोल सव्वीस-सत्तावीस मिली भरतं. बांबूत त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. कमी असलं तरी ते आहेच. त्यामुळे गाडी चालवायची असेल तर हाही पेला नको.

पण मला बांबू आवडतो तो निव्वळ कमी अल्कोहोलसाठी नाही. कडक दारूच्या कॉकटेलमध्ये बारीकसारीक चुका झाकल्या जातात. जिनचा वास, व्हिस्कीचा झणका बाकी सगळ्यावर पांघरूण घालतो. इथे तशी सोय नाही. वाइन शिळी असेल, बर्फ पाणचट असेल, पेला कोमट असेल, तर पहिल्याच घोटाला कळतं. हलकं पेय म्हणून हलक्या हाताने करून चालत नाही. म्हणून कृतीकडे जाण्याआधी ही वाइन कुठून येते ते पाहू.

[दृश्य: आंदालुसिया. पांढरीशुभ्र जमीन, द्राक्षाच्या बुटक्या वेली. नंतर उंच छताच्या, अंधाऱ्या कोठारातली काळी पिंपं.]

स्पेनच्या दक्षिण टोकाला, कादिस प्रांतात, हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही तीन गावं. शेरी मुरते ती प्रामुख्याने या त्रिकोणात. जमीन चुनखडीची, उन्हात डोळे दिपतील इतकी पांढरी. अल्बारिसा म्हणतात तिला. हिवाळ्यात पडलेला पाऊस ही माती पोटात धरून ठेवते आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलींच्या मुळांना तोच ओलावा पुरतो. द्राक्ष पालोमिनो जातीचं. खायला घेतलं तर त्यात लक्षात राहण्यासारखं काही नाही. रस आंबवून झालेली वाइनही साधीच असते. शेरीची खरी गोष्ट सुरू होते ती पिंपात गेल्यावर.

आंबवलेल्या वाइनमध्ये द्राक्षापासूनच काढलेलं स्पिरिट घालून तिचं बळ वाढवतात. हीच फोर्टिफाइड वाइन. किती वाढवायचं यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. १५ टक्क्यांवर थांबलं तर फिनो होण्याची वाट मोकळी राहते. १७ टक्क्यांवर नेलं तर ओलोरोसोची, म्हणजे हवा लागू देत मुरवलेल्या गडद शेरीची वाट. दोन टक्क्यांच्या या फरकाला कारण आहे एक यीस्ट.

[दृश्य: पारदर्शक काच बसवलेलं पिंप. आत वाइनवर तरंगणारा मळकट पांढरा, सुरकुतलेला थर.]

सहाशे लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन पाचशे लिटरपर्यंतच भरतात. वरची जागा मुद्दाम रिकामी. त्या हवेच्या पोकळीत, वाइनच्या पृष्ठभागावर, दुधावर साय धरावी तसा यीस्टचा एक थर धरतो. त्याला फ्लोर म्हणतात. १५ टक्क्यांच्या आसपास तो सुखाने जगतो, १७ च्या पुढे तग धरत नाही. जिवंत असेपर्यंत तो वाइनला हवेपासून जपतो, म्हणूनच वर्षानुवर्षं पिंपात राहूनही फिनो फिकटच राहते. तो वाइनमधला ग्लिसरॉल खातो, त्यामुळे तिचा गुळगुळीतपणा जातो आणि ती कोरडीठाक, कुरकुरीत होते. त्या बदल्यात तो तिला अ‍ॅसिटाल्डिहाइड देतो. कच्चं सफरचंद, सोललेले बदाम, ताज्या पावाचं कवच आणि खारा वारा यांची आठवण करून देणारा जो वास फिनोला येतो, त्यात या अ‍ॅसिटाल्डिहाइडचा मोठा वाटा आहे.

फ्लोर नाजूक असतो. त्याला दमटपणा लागतो, गारवा लागतो. म्हणून तिथल्या बोदेगा, म्हणजे वाइन मुरवायच्या वखारी, देवळासारख्या उंच छताच्या बांधतात. समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा आत यावा अशा खिडक्या ठेवतात आणि उन्हाळ्यात जमिनीवर पाणी शिंपडतात. पिंपांच्या थरांतून वाइन हळूहळू खाली उतरवत नेतात. सगळ्यात खालच्या थरातून थोडी वाइन बाटलीसाठी काढायची, तिची जागा वरच्या थरातल्या वाइनने भरायची, त्याची त्याच्या वरच्या थरातून. सगळ्यात वर नवी वाइन. ही सोलेरा पद्धत. नव्या वाइनमुळे फ्लोरला सतत खाद्य मिळत राहतं. पिंप पूर्ण रिकामं कधीच होत नाही, त्यामुळे एका बाटलीत अनेक वर्षांच्या सुगीचा अंश असतो.

[दृश्य: वेनेन्सिया. लांब, लवचिक दांड्याचं अरुंद भांडं पिंपाच्या तोंडातून आत जातं.]

हे पाहा. वाइन तपासण्यासाठी हे भांडं फ्लोरमधून सरळ, झटक्यात खाली सोडतात. भांडं अरुंद का, तर थर फाटू नये. मग बाहेर काढून, हात डोक्याच्या वर नेऊन, दुसऱ्या हातातल्या छोट्या पेल्यात उंचावरून धार सोडायची. एक थेंब बाहेर पडत नाही. पाहायला हा खेळ वाटतो, पण सगळी खबरदारी त्या नाजूक थरासाठी आहे.

बाटलीत आल्यावर फ्लोरचं संरक्षण संपतं. बूच उघडलं की हवा लागते आणि फिनोचा ताजेपणा ओसरायला लागतो. बांबू बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. शेरी कपाटात वर्षभर उघडी ठेवायची वस्तू आहे, या समजाने या वाइनचं फार नुकसान केलं आहे.

[दृश्य: वाळवलेल्या वनस्पती, साली, बिया. शेजारी ड्राय व्हरमूथची बाटली.]

आता दुसरी बाटली. व्हरमूथही फोर्टिफाइड वाइनच, पण सुगंधी. युरोपीय नियमांनुसार त्यात किमान ७५ टक्के वाइन असावी लागते, अल्कोहोल १४.५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान, आणि दवण्याच्या कुळातल्या कडू वनस्पतींचा अर्क हवाच. त्यात बहुधा वर्मवूड असतं. त्याखेरीज साली, मुळं, फुलं, मसाले ज्याचे त्याचे. १७८६ साली तुरिनमध्ये आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी गोड व्हरमूथ बाजारात आणलं. फ्रान्समध्ये १८१३ साली जोसेफ नोआयी यांनी कोरडं, फिकट व्हरमूथ बनवलं. नोआयी प्रा या नावाने ते आजही मार्सेयां या समुद्रकाठच्या गावात तयार होतं आणि त्यातली वाइन ओकच्या पिंपांत भरून वर्षभर उघड्या अंगणात ऊन, वारा, पाऊस खात ठेवतात. एका वाइनला हवेपासून जपायचं, दुसरीला मुद्दाम हवामानाच्या हवाली करायचं, आणि शेवटी दोघींना एका पेल्यात आणायचं. बांबूत हीच जोडी मला सगळ्यात मोहात पाडते.

[दृश्य: टेबलावर मिक्सिंग ग्लास, लांब दांड्याचा चमचा, गाळणी, मोजमाप. सर्व काही जवळून.]

चला, बनवू या.

पेला आधी फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवा. लहान, दांड्याचा पेला चांगला. मोठ्या पेल्यात पेय संपायच्या आत तापतं. दोन्ही बाटल्या फ्रीजमधल्याच घ्या. वाइन आधीच थंड असली की बर्फ कमी वितळतो, आणि इथे पाणी बेताचंच हवं आहे.

मिक्सिंग ग्लासमध्ये ४५ मिली फिनो. फिनोऐवजी मान्सानिया, म्हणजे सानलुकारला मुरलेली फिनोसारखीच शेरी, घेतली तरी उत्तम, चव जरा अधिक खारट येते. ४५ मिली ड्राय व्हरमूथ. अँगोस्तुरा बिटर्सचा एक शिंतोडा, ऑरेंज बिटर्सचे दोन. अँगोस्तुरा १८२४ साली व्हेनेझुएलात डॉक्टर योहान झीगर्ट यांनी औषध म्हणून बनवलं होतं. ते स्वतः कडक आहे, जवळपास ४५ टक्के, म्हणून हात आखडताच ठेवा. जास्त पडलं तर शेरीचा बदामी वास दबतो.

आता बर्फ. मोठे, घट्ट, कोरडे तुकडे. ज्यांच्यावर पाणी सुटलंय ते नकोत. ग्लास काठोकाठ भरा.

[दृश्य: चमचा काचेच्या कडेला लागून फिरतो. आवाज जवळजवळ नाही.]

चमच्याची पाठ काचेला लावून ठेवा आणि सगळा बर्फ एकसंध फिरू द्या. हलवून फेसाळायचं नाही. हवा मिसळली की पेय गढूळ होतं आणि फिनोच्या कोरडेपणाची धार बोथट होते. वीस ते पंचवीस सेकंद पुरतात. कडक दारूच्या कॉकटेलला याहून जास्त वेळ ढवळतात, कारण तिला पाण्याची गरज असते. वाइनला ती नाही. ग्लासच्या बाहेर धुकं धरलं आणि बोटांना थंडी झोंबली की थांबा. थोडं चाखा. ओठांवर खारट-कडू, घशाला स्वच्छ, असं लागलं पाहिजे. पाणचट लागलं तर उशीर झाला.

गाळून पेल्यात घ्या.

[दृश्य: सुरी लिंबावरून फिरते. पातळ पिवळी पट्टी.]

लिंबाची पिवळी साल तेवढी काढा, खालचा पांढरा भाग कडवट असतो. पट्टीची पिवळी बाजू पेल्याकडे करून चिमटीत दाबा. प्रकाश आडवा असेल तर दिसतं, तेलाचा बारीक तुषार उडतो आणि पेयावर क्षणभर चमकती नक्षी उमटते. पहिल्या घोटाआधी नाकाला जो वास येतो तो याच तेलाचा. साल पेल्यात टाकायची की बाजूला ठेवायची हे तुमच्या आवडीवर. मी बाजूला ठेवते, कारण साल पडून राहिली की पेयात कडवटपणा उतरत जातो.

सोबत हेरेसच्या बारमध्ये फिनोबरोबर देतात तेच द्या. हिरवी ऑलिव्ह, भाजलेले खारे बदाम. मीठ आणि फिनो यांचं जमतं.

[दृश्य: दुसरा मिक्सिंग ग्लास. या वेळी तांबूस रंग.]

कोरडं फार वाटत असेल तर ड्राय व्हरमूथच्या जागी गोड, तांबडं व्हरमूथ घाला. बिटर्स फक्त ऑरेंज, साल संत्र्याची. हा झाला अडोनिस. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये याच नावाचं एक संगीत प्रहसन रंगमंचावर आलं. हेन्री डिक्सी त्यात प्रमुख भूमिकेत होते आणि त्याचे सहाशेहून अधिक प्रयोग झाले. कॉकटेलचं नाव त्यावरून पडलं. अडोनिस गोलसर, मसालेदार, थंडीच्या संध्याकाळी शोभणारा. बांबू उन्हाळ्यातला. नवख्या पाहुण्याला मी आधी अडोनिस देईन.

बाटल्यांचं शेवटचं सांगते. दोन्ही बुचं घट्ट लावून फ्रीजमध्ये उभ्या ठेवा आणि उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. व्हरमूथ महिना-दोन महिने नीट राहतं. फिनो आठवडाभरात संपवा, म्हणून शक्यतो अर्धी बाटलीच विकत घ्या. आठवडा उलटून गेला आणि तिचा रंग गडद, वास मंद झाला असेल, तर तिचा बांबू करू नका. शिंपल्यांच्या रश्शात किंवा मशरूम परतताना ती अजूनही छान लागते.