बिनठिणगीची गाडी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय जपानच्या डोंगर-चिखलात चालणाऱ्या गाड्यांवर आणि त्यांच्या डिझेल इंजिनांवर. पण आधी फुजीचा किस्सा. तो सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकतच नाही.

साल 1951. जपानी पोलिसांना वाटेल त्या रस्त्यावर चालणारी गाडी हवी होती. टोयोटानं ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन एका आटोपशीर गाडीत बसवलं. नाव 'जीप बीजे'. चाचणीला इचिरो ताइरा नावाचा ड्रायव्हर. हा पठ्ठ्या ओकाझाकी गावात अतागो देवळाच्या दगडी पायऱ्या चक्क गाडीनं चढला! यामागे जुनी गोष्ट आहे. 1634 साली एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, टेकडीवरच्या अतागो देवळातली फुललेली डहाळी शोगुनला, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाला, हवी होती. उभ्या पायऱ्यांवर घोडा घालायला कुणी धजेना. मागाकी हेइकुरो नावाच्या सामुराईनं घातला, डहाळी आणली. ताइरानं घोड्याच्या जागी मोटार आणली. आणि 1951 च्याच जुलैत तो फुजी पर्वताच्या चढाईतल्या दहा टप्प्यांपैकी सहाव्या टप्प्यावर पोहोचला. सहाव्या टप्प्यावर, बरं का! तिथवर आधी एकही मोटार गेली नव्हती. पोलिसांनी गाडी पसंत केली.

'जीप' नावावर मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीस कंपनीनं हरकत घेतली, म्हणून 1954 मध्ये टोयोटाचे तांत्रिक संचालक हान्जी उमेहारांनी 'लँड क्रूझर' हे नाव दिलं. नाव असावं तर असं! हल्लीची नावं रक्ततपासणीच्या रिपोर्टसारखी, दोन अक्षरं नि एक आकडा.

असो. फुजी चढलेली ती गाडी होती पेट्रोलची! डिझेल आलं नंतर. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पुन्हा सांगतो, स्पार्क प्लगच नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं, त्यामुळे नदीनाल्यात ठिणगी भिजून गाडी अडायची भीती नाही. थंडीत मात्र ग्लो प्लग, म्हणजे इंजिन आतून तापवणारी कांडी, तापेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर मारायचा.

1974 मध्ये डिझेलवरची लँड क्रूझर बीजे-40 आली. तीन लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल, ताकद जेमतेम 80 अश्वशक्ती. पण कमी वेगात ओढ दणकट. जपानात डिझेलवर कर कमी, तेही पथ्यावर पडलं. पुढे 1990 मध्ये 1एचझेड नावाचं डिझेल इंजिन आलं: 4.2 लिटर, सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, डिझेलचा पंपही यांत्रिक. आफ्रिकेतल्या मदतसंस्था याच्यावर विसंबतात, कारण तिथला मेकॅनिक ते पान्यानं खोलू शकतो.

टर्बोचं 12एच-टी इंजिन त्याआधीच, 1985 मध्ये आलं होतं. ते आता पुढच्या भागात. फुजीनं आज वेळ खाल्ला. नमस्कार.